रिंगणातली हजेरी

ही गोष्ट खरी आहे.

खोटी वाटत असेल तर इथंच थांबा, माझं काही म्हणणं नाही. पण शेवटपर्यंत वाचून खाली "कायले फेकून राहिला बे" अशी कमेंट टाकायची नाही. कारण हे माझ्या आत्यासोबत घडलं, आणि माझी आत्या खोटं बोलत नाही. तिला ते जमतच नाही. त्यापायी बावीस वर्षांच्या नोकरीत तिच्या सहा बदल्या झाल्या.

आणखी एक सांगून ठेवतो. अमावास्या, पिंपळ, रडणारी कुत्री... यातलं काही इथं मिळणार नाही.

मागच्या जानेवारीतला तिसरा शनिवार. दुपारचे सव्वाबारा. बाहेर छान कोवळं ऊन पडलं होतं. जागा, मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यातली एक सरकारी शाळा. नाव सांगत नाही, तिथं अजून पोरं शिकतात.

भर दुपारी, भरल्या वर्गात हे झालं.

आत्याचं नाव नलिनी बेलखडे. ती इतिहास शिकवते. पोरं तोंडावर 'नलिनी मॅडम' म्हणतात आणि पाठीमागे 'तोफ' म्हणतात. आमच्याकडच्या शाळांची रीतच अशी, शिकवायचं हिंदीत आणि रागवायचं मराठीत. आत्याच्या तासाला मराठीच जास्त ऐकू येते.

तर त्या वर्षी शाळेला आठ व्हीआर चष्मे मिळाले. डोळ्यांवर चढवायचे, मागून पट्टा आवळायचा, की वर्ग गायब. मान वळवाल तिकडे दुसरंच जग. पोरं त्यांना 'डब्बे' म्हणायची. सोबत तयार धडे आले होते, इजिप्तचे पिरॅमिड, रोमचे आखाडे वगैरे.

प्राचार्य गजेंद्र सरांनी ते आल्या दिवशीच लोखंडी कपाटात ठेवून कुलूप घातलं. फुटले तर जबाबदारी कोणाची?

"सर, कुलपात ठेवून कोण शिकून राहिलं? कपाट?" आत्या म्हणाली, आणि त्यांच्या टेबलावरची किल्ली उचलून चालू पडली.

तिला पिरॅमिड दाखवायचेच नव्हते. "दूरदेशीच्या राजाचं थडगं पाहून राहिले आमचे पोट्टे," ती म्हणे, "अन् लोधीखेड्याच्या मागं तीन हजार वर्षांची थडगी पडून आहेत, ते कोण दाखवीन त्यायले?"

लोधीखेड्याच्या पलीकडे भगवंतरावांचं कापसाचं शेत आहे. शेताच्या टोकाला काळ्या धोंड्यांचं मोठं रिंगण आहे. माणसाला लोखंड नवीन होतं, त्या काळच्या लोकांनी आपली माणसं पुरली आणि भोवती हे धोंडे मांडले. मधोमध एक कडूनिंब उगवलाय. कापूस वेचणाऱ्या बाया दुपारी त्याच्या सावलीत शिदोरी सोडतात.

डिसेंबरात आत्या आणि मयूर तिथं गेले. मयूर म्हणजे शाळेतला कॉम्प्युटरचा गेस्ट टीचर. चारही बाजूंचं चित्र एकदम घेणारा गोल कॅमेरा त्यानं कुठून तरी आणला होता. बाया जेवून उठल्या. मयूरनं रिंगणाच्या मधोमध कॅमेरा उभा केला आणि सगळे तुरीत जाऊन लपले. चित्रात कोणी यायला नको ना.

सगळं झालं. निघायची वेळ आली तेव्हा आत्यानं एक गंमत पाहिली.

बायांमधली सगळ्यात म्हातारी अंबाबाई रिंगणाबाहेर उभी राहिली आणि एकेकीचं नाव घेऊ लागली.

"सुमन!"

"आली."

"पुष्पा!"

"आली."

"जयवंता!"

"आली."

मग कॅमेरा लावायला आत गेलेल्या दोघांचीही नावं. "नलिनीबाई!" आत्या हसत हसत "आली" म्हणाली. मयूर "प्रेझेंट" म्हणाला. शेवटी म्हातारीनं स्वतःचंच नाव घेतलं, स्वतःच "आली" म्हणाली, आणि कापसाचं गाठोडं उचललं.

"हे कायले वं अंबाबाई?"

"असंच आहे बाई. इथं बसलं की हाक मारल्याशिवाय उठू नये. राहून जाते."

"काय राहून जाते?"

म्हातारीनं गाठोडं डोक्यावर चढवलं. ती शेताच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं चालायला लागली.

मयूरनं महिनाभर खपून धडा तयार केला. रिंगणाभोवती झोपड्या उभ्या केल्या, लोखंड गाळायची भट्टी पेटवली, एक घोडा बांधला. तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव जसंच्या तसं. एक दिवस तो म्हणाला, "मॅडम, शेवटी बायांचा गलका येऊन राहिला. नावं घेऊन राहिल्या ना त्या. काटू का?"

आत्या वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली,

"काट."

एवढंच. आयुष्यात एवढी घोडचूक नाही केली मी, असं आत्या आजही म्हणते.

आमच्या शाळांत शनिवारी दप्तर नसतं. त्या तिसऱ्या शनिवारी आत्यानं नववीची आठ पोरं खुर्च्यांवर बसवली. हजेरी घेतली, सगळे "उपस्थित" म्हणाले, आणि डब्बे डोळ्यांवर चढले. आत्याच्या हातात टॅब होता. त्यावर आठ चौकोन, ज्याच्या त्याच्या डोळ्यांना काय दिसतंय ते त्यात दिसायचं.

आठवा चौकोन तेजस्विनीचा.

ही पोरगी म्हणजे वर्गातलं भांडण. एक विचारा, तीन उत्तरं देईल, त्यातल्या दोनांवरून आत्याशी वाद घालेल. आत्या सगळ्यात जास्त रागवायची ती तिलाच. आणि सगळ्यात जास्त जीवही तिच्यावरच होता.

धडा सुरू झाला. पोरं माना वळवून "अरे बापरे" करत होती. पाच मिनिटं छान गेली.

मग आवाज आला...

घुंगरू.

बारीक, तांब्याचे असतात तसे. एकदाच वाजले आणि थांबले.

आत्यानं मयूरकडे पाहिलं. मयूरनं मान हलवली. त्यानं असला आवाज टाकलाच नव्हता.

आत्यानं टॅबवर पाहिलं. सात चौकोन गरागरा फिरत होते. आठवा स्थिर होता. तेजस्विनी एकाच जागी बघत होती. खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर. लहान पोराशी बोलताना आपण बघतो तसं.

तिथं तर काहीच नव्हतं. नुसती माती.

आणि मग तेजस्विनी खुर्चीवर जराशी सरकली... कोणाला तरी बसायला जागा करून द्यावी तशी.

तेवढ्यात सुटीची घंटा झाली. सात पोरांनी डब्बे काढले आणि दप्तराचं ओझं नसल्यानं उधळली घरी. तेजस्विनी बसूनच राहिली. आत्यानं हातानं तिचा चष्मा काढला. डोळे उघडे होते.

"तेजस्विनी."

काहीच नाही.

"ए तेजस्विनी, नाटक नको करू."

काहीच नाही.

सौंसरचा डॉक्टर झाला, नागपूर झालं. सगळ्या तपासण्या चांगल्या निघाल्या. पोरगी चालवलं तर चालायची, वाढलं तर जेवायची. ताटली पडली तर दचकून बघायची, म्हणजे कान शाबूत होते. फक्त तिचं नाव घेतलं की तिला ऐकू येत नव्हतं.

आणि जेवताना ती भाकर मोडायची. अर्धी स्वतः खायची... अर्धी बाजूला जमिनीवर ठेवायची.

बाकीची सात पोरंही त्या आठवड्यात गप्प गप्पच होती. कुणाल तर वर्गात खो खो हसणारा, तोही हसेना. परीक्षेचं टेन्शन असेल, असं सगळ्यांना वाटलं.

गजेंद्र सरांनी चष्मे पुन्हा कपाटात घातले आणि आत्याला बोलावून घेतलं. "मॅडम, दोन ओळी लिहून द्या. मुलगी आधीपासून आजारी होती म्हणून. तुमचंही भलं, शाळेचंही भलं."

"लिहून देते ना सर," आत्या म्हणाली. "धडा मी दाखवला असं लिहिते. अन् तुम्ही मले खोटं लिहायले सांगतलं, तेही खाली लिहू का?"

सरांनी पुढं केलेला कागद मागं ओढला. आत्या बाहेर आली आणि स्टाफरूममध्ये जाऊन रडली. मला हे तिनं नाही, मयूरनं सांगितलं.

त्या संध्याकाळी, म्हणजे पुढच्या शनिवारी, तेजस्विनीची आई घरी आली. जयवंता. तीच, अंबाबाईच्या टोळीत कापूस वेचणारी. आत्याला वाटलं, आता ही शिव्या देईल. द्यायलाच पाहिजे होत्या. पण जयवंता ओसरीवर बसली आणि हळूच म्हणाली,

"मॅडम, तुमी पोरीले रिंगणात नेलतं ना?"

"खरं नाही वं. चष्म्यात."

"पण बसली ना ते तिथं? पाहिलं ना तिनं सगळं?"

"हाव."

"मंग उठताना हाक कोणं मारली?"

'काट' म्हणताना स्वतःचा आवाज कसा होता, ते आत्याला त्या क्षणी आठवलं.

दुसऱ्या दिवशी रविवारी ती सरळ शेतात गेली. अंबाबाईनं बोंडांतून हात न काढता सगळं ऐकून घेतलं.

"तू चाल माह्यासंगं शाळेत," आत्या म्हणाली. "तूच मार हाक."

"माह्या हाकेनं नाही उठायची ते. ज्यानं बसवलं त्यानंच उठवा लागते." म्हातारी बोट वर करून म्हणाली, "जेवढे बसवले तेवढ्यायचीच नावं घेजो. शेवटी आपलं घेजो अन् आपणच 'आली' म्हणजो, नाही तं तूही राहून जाशील. अन् मधात दुसरं कोणी बोललं, तं त्याले नाव देऊ नको. ज्याले नाव भेटलं, ते मागं मागं घरी येते."

सोमवारी दुपारी आत्यानं किल्ली मागितली. सरांनी नाही म्हटलं. आत्यानं पुन्हा मागितली. सर म्हणाले, "मॅडम, हात जोडतो, घरी जा."

आत्या व्हरांड्यात गेली. शाळेची घंटा वाजवायचा लोखंडी टोला तिथं टांगलेला असतो. तो काढून आणला आणि कपाटाच्या कुलपावर घातला. एक. दोन. तिसऱ्या दणक्याला कुलूप खाली पडलं.

"सस्पेंड करीन मी तुम्हाला!" सर ओरडले.

"करा. उद्या करा. आज मले वर्ग आहे."

वर्ग रिकामा करून घेतला होता. तेजस्विनी तिच्या खुर्चीवर, शेजारी जयवंता, कॉम्प्युटरपाशी मयूर. बाकीची सात पोरं मैदानात कबड्डी खेळत होती, त्यांचा गलका खिडकीतून येत होता. आत्यानं हजेरीचं रजिस्टर छातीशी धरलं आणि डब्बा डोळ्यांवर चढवला.

रिंगण. झोपड्या. भट्टी. बांधलेला घोडा.

कॅमेरा मधोमध होता, म्हणून आत्याही मधोमध. तिनं उजवीकडे पाहिलं, कोणी नाही. डावीकडे पाहिलं, कोणी नाही.

मग मागून श्वास ऐकू आला...

ती वळली.

हातभर अंतरावर एक पोरगी पाठमोरी बसली होती. शाळेचा गणवेश. दोन वेण्या, लाल रिबिनी.

हे चित्र डिसेंबरातलं होतं. तेजस्विनी तिथं कधीच गेली नव्हती.

आणि तिला टेकून आणखी कोणीतरी बसलं होतं. लहान. एवढंसं.

आत्यानं घसा खाकरला आणि हजेरी सुरू केली. रोज घेते तशीच.

"कुणाल!"

कुठून तरी लांबून, "उपस्थित."

कुणाल तर मैदानात होता! म्हणजे तोही राहिला होता. सगळेच थोडे थोडे राहिले होते.

"अश्विनी!" "उपस्थित." "भूपेंद्र!" "उपस्थित." एकेक करून सात नावं झाली. खोलीत मयूरला आणि जयवंताला यातलं काही ऐकू आलं नाही. फक्त मैदानातून कुणालचं खो खो हसणं ऐकू आलं, आठवडाभरानंतर पहिल्यांदा.

"तेजस्विनी!"

पाठ हलली नाही.

"तेजस्विनी!"

घुंगरू वाजले. ते लहान आणखी चिकटून बसलं.

तिसऱ्यांदा हाक मारून उत्तर आलं नाही, तेव्हा आत्याची भीती संपली आणि तिचं डोकं फिरलं. हिंदी सुटली, हजेरी सुटली.

"ए पोट्टे! कान फुटले का तुहे? मी इथं घसा फाडून राहिली अन् तू खुशाल बसून राहिली? ऊठ! तिकडं माय जेवली नाही तुही. ऊठ म्हणते ना! अवं, तू नसली तं मी भांडू कोणासंगं?"

वेण्या हलल्या.

पोरगी उठायला लागली. पण तिच्या कुर्त्याचं टोक एका छोट्या मुठीत होतं. मातीनं भरलेली मूठ. मनगटात तांब्याचं कडं.

"सोड तिले," आत्या म्हणाली.

मूठ आणखी आवळली.

"सोड म्हणते ना. माही पोरगी आहे ते. मी नेल्याबिगर नाही जाणार. तीन हजार वर्षं बसला असशील तू, मी तीन हजार एक बसीन."

एक बोट सुटलं. मग दुसरं...

आणि चष्म्याच्या आत नाही, खोलीत, उजव्या कानाशी आवाज आला.

"उपस्थित, मॅडम."

जयवंतानं हंबरडा फोडला. मयूर उभाच राहिला. पण आत्यानं चष्मा काढला नाही, कारण तिचं स्वतःचं नाव बाकी होतं. तिनं तोंड उघडलं तेवढ्यात कोणीतरी विचारलं,

"...अन् मी?"

ते कोणत्या भाषेत बोललं, हे आत्याला आजही सांगता येत नाही. पण तिला समजलं.

अंबाबाईचं बोट तिच्या डोळ्यांपुढं आलं. तिनं डोळे घट्ट मिटले.

"नलिनी बेलखडे! आली!"

आणि चष्मा ओढून काढला.

तेजस्विनी आईच्या गळ्यात होती. तिला काही आठवत नव्हतं. मला भूक लागली, असं म्हणाली. घरी जाताना दारात मात्र थांबली आणि विचारलं, "मॅडम, तो छोटू तिथं एकटाच राहिला का?"

सस्पेंशनचं काय झालं विचाराल. मंगळवारी सरांनी कागद तयार केला होता. बुधवारी अंबाबाई, सुमन, पुष्पा, जयवंता अशा चौदा बाया कापूस वेचायचा सोडून त्यांच्या केबिनमध्ये जमिनीवर येऊन बसल्या. काही बोलल्या नाहीत. नुसत्या बसल्या. दुपारी तीन वाजता सरांनी कागद फाडला.

आणि धडा? सगळे म्हणाले, पुसून टाका. आत्या म्हणाली, "धडा वाईट नव्हता. अर्धा होता." मयूरकडे तो कापलेला तुकडा निघाला. तो परत जोडला. आता दर शनिवारी पोरं चष्म्यातून रिंगणात जातात, आणि उठताना आधी त्या तुकड्यातली अंबाबाई नावं घेते, मग आत्या घेते. एक एक. कोणीच राहत नाही.

एक जण सोडून.

मी गेल्या महिन्यात शाळेत गेलो होतो. आत्या पाणी आणायला गेली तेव्हा मी शनिवारचं रजिस्टर चाळलं. आठ नावं. खाली नववी ओळ. नावाची जागा कोरी. पुढं प्रत्येक शनिवारी आत्याच्या अक्षरात लिहिलेलं, हजर. हजर. हजर.

"आत्या, हे काय आहे?"

"येऊन राहिलं आहे ते दर शनिवारी," ती म्हणाली. "दर खेपेले ते विचारते, अन् मी? येईन त्याची हजेरी लावावी लागते ना बापा."

काल तिचा फोन आला. सकाळचे आठ वाजले होते. ती घरी स्वयंपाक करत होती.

"प्रफुल्ल, लहान पोराचं एखादं चांगलं नाव सांग ना."

मी ताडकन उठलो. "आत्या, अंबाबाईनं काय सांगतलं होतं तुले?"

"अंबाबाईचं बरोबर आहे. पण मी मास्तरीण आहे. दाखल्याचा कागद नाही म्हणून दारातल्या लेकराले मी आजपर्यंत कधी परत नाही पाठवलं. त्याले कोणी हाकच नाही मारली रे. सगळे उठून घरी गेले अन् ते बसूनच राहिलं. मागं मागं घरी येईन ना? येऊ दे. भाकर टाकीन."

मी ओरडलो, समजावलं, हातापाया पडलो. ऐकेल तर ती आत्या कसली?

फोन ठेवताना मागून आवाज आला...

बारीक. तांब्याचे असतात तसे.

आणि फोन बंद झाला.

उद्या शनिवार आहे. मी पांढुर्ण्याहून सकाळच्या बसनं निघणार आहे आणि बाराच्या आधी त्या वर्गाच्या दारात उभा राहणार आहे. आत्या सगळ्यांना हाक मारते. उद्या त्या लहान्यालाही नाव देऊन मारेल. पण स्वतःचं नाव ती स्वतःच घेते, आणि उद्या तिनं ते घेतल्यावर "आली" कोण म्हणेल, की ती त्या लहान्याजवळच बसून राहील, मला माहीत नाही.

म्हणून, ज्यानं बसवलं त्यानंच उठवायचं असलं तरी, तिची हाक मी मारणार आहे. एकदा मारीन. नाही उठली तर पुन्हा मारीन. घसा फाटेपर्यंत मारीन.

चल वं आत्या. घरी चल.